ओट्यावर सावली नको: गोव्यातल्या स्वयंपाकघरासाठी दिवे, बटणं आणि सर्किटांची आखणी

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की घरात आधी ग्रॅनाइटवर चर्चा होते, मग ट्रॉल्यांच्या रंगावर, मग चिमणीवर. दिव्यांचा विषय निघेपर्यंत टाइलवाला दारात येऊन उभा असतो. मग छताच्या मधोमध एक पॅनेल, दाराशी एक बोर्ड, ओट्यावर दोन सॉकेट आणि इलेक्ट्रिशियन पुढच्या साइटवर पसार.

फोंड्याच्या आसपास वायरिंगची कामं करत मला बरीच वर्षं झाली, तरी स्वतःच्या घरी मी नेमकं हेच केलं होतं. ३६ वॅटचं झकपक पॅनेल मधोमध लावलं आणि खूश झालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई सिंकपाशी बांगडे साफ करायला उभी राहिली. दिवा तिच्या पाठीमागे, डोक्याची सावली बरोबर मासळीवर. म्हणाली, "उजेड सगळा माझ्या पाठीवर पडतोय रे, बांगड्यावर नाही." तेव्हापासून कुठल्याही स्वयंपाकघरात वायरचा हिशेब करण्याआधी मी तिथे राबणाऱ्या माणसाची सावली कुठे पडते ते बघतो. इथेही तोच क्रम ठेवला आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. आखणी घरच्यांनी जरूर करावी, पण वायरला हात परवानाधारक माणसानेच लावावा.

काम कधी काढायचं

गोव्यात घराच्या कुठल्याही कामाला एकच मुदत असते, ती म्हणजे चवथ, गणेशचतुर्थी. "चवथीआधी झालं पाहिजे" हे वाक्य मी वर्षातून शंभरदा ऐकतो. पण लोक काम काढतात मे महिन्यात, आणि ऐन पावसात भिंती फोडलेल्या असतात. जूननंतर गिलावा धड सुकत नाही, दमट पाइपात वायर ओढली जाते आणि दिवे लागतात न लागतात तोच ट्रिपिंग सुरू होतं. भिंतीतलं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका, वायर एप्रिलमध्ये ओढा, फिटिंग मे महिन्यात बसवा. कौलारू घर असेल तर पावसाआधी कौलं शाकारायला काढतातच, तेव्हाच वाशांवरून जाणारे जुने पाइप बदलून घ्या. एकदा कौलं बसली की वर चढायला कुणी राजी होत नाही.

कामाचा क्रम असा: ट्रॉलीवाल्याचं मापांसकट ड्रॉइंग, त्यावरून विजेचं ड्रॉइंग, मग खाचा, पाइप आणि बॉक्स, त्यानंतर गिलावा, टाइल, वायर, कपाटं आणि अगदी शेवटी दिवे-बटणं. ट्रॉलीवाल्याचं ड्रॉइंग आधी हवं, कारण ओव्हनची किंवा फ्रिजची जागा दोन इंच सरकली तरी सॉकेट नेमकं कपाटाच्या फळीमागे जातं. टाइल बसल्यावर ते हलवायचं म्हणजे नवी टाइल फोडायची, आणि त्याच छटेची टाइल दुकानात पुन्हा मिळेलच असं नाही.

खडू, स्टूल आणि लोंबता बल्ब

जुनी कपाटं निघाली, खोली मोकळी झाली की खडू घ्या. ओट्याची खोली साधारण दोन फूट, वरच्या कपाटांची एक फूट, ओट्याची उंची घरातल्या माणसाच्या मानाने ३२ ते ३४ इंच. हे सगळं भिंतीवर आणि जमिनीवर खऱ्या मापात काढा. फ्रिज काढा आणि त्याचं दार उघडून कुठपर्यंत येतं तोही अर्धगोल काढा. दारंही काढा, मागच्या परसात उघडणारं दार विसरू नका.

मग संध्याकाळ होऊ द्या. चांगल्या बंदिस्त होल्डरला पंधरा फूट अखंड वायर आणि पिन लावून त्यात ९ वॅटचा बल्ब घ्या. एकाने स्टुलावर चढून तो लाकडी काठीने छतापाशी धरायचा. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिने खडूच्या ओट्यासमोर उभं राहायचं, पुढ्यात एखादं टेबल ठेवून त्यावर पाट-सुरी घ्यायची. बल्ब खोलीच्या मध्यावर असताना हातावर सावली येते. तो हळूहळू भिंतीकडे सरकवत न्या. एका जागी सावली हातावरून निघून मागे जमिनीवर पडते. ही जागा बहुतेक वेळा भिंतीपासून ५५ ते ६५ सेंटिमीटरवर, म्हणजे ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर येते. तिथे छतावर खूण करा. हाच प्रयोग सिंकपाशी, शेगडीपाशी आणि मिक्सर ठेवणार तिथेही करा. सगळं मिळून अर्धा तास लागतो.

बांदोड्याला एका घरी मी असाच बल्ब धरून उभा होतो. ओट्याच्या खुणा झाल्या, मी स्टूल उचलणार तोच त्या घरच्या काकी कोपऱ्यात खाली बसल्या, आदोळी (खोबरं कातायची विळी) पुढ्यात ओढली आणि म्हणाल्या, "आणि नारळ मी इथे कातते, त्याचं काय?" बघतो तर त्या कोपऱ्यात ओट्याची आणि फ्रिजची अशी दुहेरी सावली. खोबरं खाली पडतंय की पातीवर बोट जातंय ते दिसू नये असा काळोख. ओट्याभोवतीच विचार करणाऱ्या कुठल्याही कॅटलॉगात हा कोपरा सापडणार नाही. तिथे छतात एक वेगळा ७ वॅटचा डाउनलाइट दिला, बटणही वेगळं. तुमच्या घरी खाली बसून काय काय होतं ते आठवा: वाल सोलणं, नेवऱ्या (करंज्या) भरणं, फणस फोडणं.

उजेड किती आणि कसला

एक ढोबळ हिशेब. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा उजेड, लक्स म्हणजे जागेवर पडणारा. सर्वसाधारण वावराला २०० लक्स पुरतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला २०० ल्युमेन, एकूण २,२०० ल्युमेन. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड कामाच्या पातळीवर येत नाही. काही भिंती खातात, काही कपाटं, काही वर्षभरात दिव्यावर चढणारा तेलाचा थर. म्हणून दुप्पट धरा, साधारण ४,५०० ल्युमेन. चांगल्या एलईडीला वॅटमागे १०० ल्युमेन मिळतात, तेव्हा १२ वॅटचे चार दिवे पुरेसे. एकच ४८ वॅटचा दिवा मधोमध लावला तर आकडा जुळेल, पण माझ्या आईची तक्रार तुमच्या घरी येईल.

ओट्याचा हिशेब वेगळा. जिथे सुरी चालते तिथे ३०० ते ५०० लक्स हवा, आणि वर कपाटं असतील तर छतावरचा दिवा तिथे पोहोचत नाही. कपाटांच्या तळाला एलईडी पट्टी लावायची ती यासाठी. इथे तीन चुका हमखास होतात. पहिली, पट्टी भिंतीलगत लावणं. तसं केलं की टाइल उजळते, हात अंधारातच राहतात. ती कपाटाच्या पुढच्या कडेशी, दर्शनी पट्टीच्या आड, किंचित आत कललेली हवी. दुसरी, उघडी पट्टी. आपल्याकडे ओटा बहुधा काळ्या ग्रॅनाइटचा, तो आरशासारखा चमकतो आणि पट्टीतला प्रत्येक ठिपका डोळ्यात खुपतो. अॅल्युमिनियमची चौकट आणि दुधी झाकण लागतंच. तिसरी चूक ड्रायव्हरची, म्हणजे पट्टीला लागणारा कमी व्होल्टेज पुरवणाऱ्या डबीची. दहा फूट पट्टी, मीटरला १० वॅटने ३० वॅट होते. ड्रायव्हर पाव भाग जास्तीचा, म्हणजे ४० वॅटच्या आसपास घ्या. पट्टी १२ ऐवजी २४ व्होल्टची घेतली तर प्रवाह निम्मा होतो आणि दुसऱ्या टोकाला उजेड मंदावत नाही. आणि हा ड्रायव्हर फॉल्स सीलिंगमध्ये कायमचा गाडून टाकू नका. वरच्या कपाटाच्या माथ्यावर, हात पोहोचेल आणि हवा लागेल असा ठेवा, शेगडीपासून लांब. आधी ड्रायव्हर जातो, पट्टी नंतर.

रंग ठरवताना खोक्यावरचे दोन आकडे बघा. पहिला केल्व्हिनचा: लहान असेल तितका उजेड पिवळसर, मोठा असेल तितका पांढरा. ओट्यावर ४००० केल्व्हिन चांगला, जेवणाच्या टेबलावर ३०००. दुसरा आकडा सीआरआय, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा; तो सहसा कुणी विचारत नाही. स्वस्त दिव्यांचा ८० च्या घरात किंवा त्याहून कमी असतो, ओट्यासाठी ९० च्या वरचा घ्या. इसवणाचे (सुरमईचे) कल्ले उघडून लाली बघण्याची सवय आपल्याला बाजारात असते, घरीही असते. कमी सीआरआयच्या दिव्याखाली ताज्या मासळीचे कल्लेही विटकरी दिसतात आणि सोलकढी राखाडी गुलाबी. दुकानदाराला दोन्ही दिवे लावून त्याखाली लाल मिरची धरायला सांगा, फरक लगेच दिसतो.

पंखा असेल तर अजून एक. १२०० मिलिमीटरच्या पंख्याची पाती केंद्रापासून ६० सेंटिमीटरपर्यंत जातात. दिवा त्या घेरात, पात्यांच्या वर आला की खोलीभर सावल्या लपलपतात आणि सुरी चालवताना डोकं गरगरतं. केंद्रापासून निदान ९० सेंटिमीटर लांब राहा.

सर्किटं कशी वाटायची

एकाच एमसीबीवर (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) सगळं स्वयंपाकघर टाकलं तर मिक्सर अडकल्या क्षणी दिवे जातात, आणि समोर कढईत तेल तापलेलं असतं. म्हणून दिवे आणि सॉकेट कधीही एका सर्किटवर नकोत. दिवेही दोन सर्किटांत विभागले तर उत्तम. मी साधारण असं वाटतो:

- दिवे क्रमांक १: छतावरचे दिवे आणि पंखा. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, ६ अँपिअरचा एमसीबी, सी कर्व्हचा. एलईडीचे ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतात, सी कर्व्ह तेवढं सोसतो.
- दिवे क्रमांक २: ओट्यावरची पट्टी, सिंकचा दिवा, मागच्या दाराचा दिवा. वायर तीच. हे सर्किट इन्व्हर्टरवर.
- ओट्यावरची सॉकेटं: मिक्सर, केटल, टोस्टर. २.५ ची वायर, १६ अँपिअर.
- फ्रिज: स्वतंत्र, २.५ ची वायर. याचं कारण पुढे पावसाळ्याच्या भागात येईल.
- मायक्रोवेव्ह किंवा ओव्हन आणि इंडक्शन: प्रत्येकाचं स्वतंत्र १६ अँपिअर सर्किट, अंतर जास्त असेल तर ४ ची वायर.

ओट्यात बसवायचा मोठा इंडक्शन हॉब घेणार असाल तर आधी त्याच्या पाटीवरचे वॅट वाचा. काही हॉब ७ किलोवॅटपर्यंत जातात, म्हणजे ३० अँपिअर. ते साध्या सॉकेटचं काम नाही, थेट जोडणी लागते.

दिव्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा जास्त भार नको, हा आपल्याकडच्या वायरिंग संहितेतला जुना नियम. एलईडीमुळे वॅटची मर्यादा सहसा गाठली जात नाही, पण दहा पॉइंटची मर्यादा पाळा. बिघाड शोधताना त्याचे उपकार कळतात.

एकूण भार मोजायचा तर साध्या दिवसाचा नको, चवथीचा मोजा. इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह १३००, मिक्सर ७५०, तेवढ्यात विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप ७५०, कुणीतरी आंघोळीला गेलंय म्हणून गीझर २०००. झाले ६,८०० वॅट; २३० व्होल्टला भागा, सुमारे ३० अँपिअर. हॉलमधली रोषणाई आणि पाहुण्यांचे पंखे अजून धरलेच नाहीत. आता वीजबिलावरचा मंजूर भार काढून बघा. आकडा तोकडा असेल तर काम सुरू करण्यापूर्वीच वीज खात्याकडे भार वाढवण्याचा अर्ज करा.

आणि कृपा करून, एमसीबी वारंवार पडतोय म्हणून ६ चा काढून १६ चा बसवू नका. एमसीबी मिक्सर वाचवायला नसतो, भिंतीतली वायर जळू नये म्हणून असतो.

बटणं: हात आपसूक जातो तिथे

गोव्यातल्या जुन्या घरांत स्वयंपाकघराला दोन दारं असतात. एक घरातून येणारं, दुसरं परसात, विहिरीकडे, कपडे धुण्याच्या दगडाकडे नेणारं. दोन दारं म्हणजे मुख्य दिव्याला टू-वे बटण, म्हणजे दोन्हीकडून दिवा लावता-विझवता येणारं, हवंच. नाहीतर रात्री मागचं दार लावून अंधारात चाचपडत यायचं, आणि पावसाळ्यात उंबऱ्यापाशी काय वेटोळं करून बसलंय सांगता येत नाही.

टू-वेची जोडणी डोक्यात बसवून घ्या, म्हणजे कामावर लक्ष ठेवता येईल. प्रत्येक टू-वे बटणाला तीन टर्मिनल. पहिल्या बटणाच्या सामाईक टर्मिनलला फेज येते. दोन्ही बटणांची उरलेली टर्मिनलं दोन वायरींनी एकमेकांना जोडलेली. दुसऱ्या बटणाच्या सामाईक टर्मिनलवरून वायर दिव्याकडे जाते. न्यूट्रल थेट दिव्याला, बटणात कुठेच नाही. दोन्ही दारांच्या बोर्डांमध्ये पाइप टाकताना या दोन जास्तीच्या वायरींची जागा धरा. त्या विसरल्या की कारागीर वायर वाचवायला जवळच्या दुसऱ्याच सर्किटची फेज किंवा न्यूट्रल उसनी घेतो. उसन्या न्यूट्रलवर दिवा लागतो, पण आरसीसीबी (प्रवाह कुठे गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो, आणि एमसीबी बंद करूनही वायरीत वीज राहते. दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या जिवावर बेतणारी ही काटकसर आहे.

बंद केलेला एलईडी रात्री मिणमिणत राहतो अशी तक्रार नेहमी येते. बहुतेक वेळा बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसलेलं असतं, किंवा बटणात छोटा इंडिकेटर असतो, किंवा टू-वेच्या लांब वायरी शेजारून जाताना थोडा व्होल्टेज चढतो. पहिलं कारण धोक्याचं, लगेच दुरुस्त करून घ्या.

दाराशेजारचा बोर्ड जमिनीपासून चार ते साडेचार फुटांवर, दार उघडल्यावर ज्या बाजूला हात जातो तिथे, बिजागरीच्या बाजूला नव्हे. ओट्यावरची सॉकेटं ओट्याच्या वर आठ-दहा इंच. सिंकच्या कडेपासून दोन फूट लांब आणि शेगडीच्या मागे कधीच नाहीत. वाफ आणि तेल बटणात मुरतं. ओट्याच्या दिव्याचं बटण सिंकच्या विरुद्ध टोकाला ठेवा, म्हणजे मासळीच्या ओल्या हाताने ते दाबलं जाणार नाही. गॅस सिलिंडरच्या कपाटात किंवा जमिनीलगत त्याच्याजवळ सॉकेट देऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो.

माझी दुसरी चूकही सांगून टाकतो. मागच्या दाराशी टू-वे बटण मी मोठ्या कौतुकाने दिलं, आणि वर्षभराने घरात मोठा फ्रिज आला तो बरोबर त्याच्यापुढे उभा राहिला. आता ते बटण दाबायला आमच्या घरी पोळपाटाजवळ एक लांब लाटणं टांगलेलं असतं. फ्रिजची जागा खडूने काढा म्हटलं ते उगाच नाही, आणि काढताना आत्ताच्या फ्रिजपेक्षा सहा इंच जास्त धरा.

प्लेटचं माप ठरवताना मॉड्यूल मोजा. बटण एक मॉड्यूल, सॉकेट दोन, पंख्याचा रेग्युलेटर बहुधा दोन. बेरीज सहा आली तर आठची प्लेट घ्या, दोन जागा बंद राहू द्या. आणि बॉक्स पीव्हीसीचे घ्या. खाऱ्या हवेत पत्र्याचे बॉक्स गंजतात, स्क्रू त्यातच अडकून तुटतात. मांद्रे, कळंगुट, काणकोणच्या किनाऱ्यावर हे फार लवकर होतं, पण आत फोंड्यालाही होतं.

चिऱ्याची भिंत

वीट आणि चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, यांत फरक आहे. चिरा सच्छिद्र, कडेने भुगा होणारा, आणि जुन्या घरांत तो मातीत रचलेला. सत्तरीतल्या एका जुन्या घरात माझ्या आधीच्या कुणीतरी छिन्नी-हातोड्याने आडवी खाच मारली होती. ठोके बसून दोन चिऱ्यांमधली माती निखळली आणि डोक्याएवढा तुकडा ओट्यावर आला. अशा भिंतीत कटर मशीननेच खाच मारा आणि ती उभी मारा, वरून खाली. आडवी खाच भिंतीला कमरेत कापते. एका बोर्डाहून दुसऱ्याकडे जायचं तर छतापर्यंत वर जा, वरून आडवे जा, मग खाली या. वायर दोन-तीन मीटर जास्त लागेल, लागू द्या. भिंत फारच कच्ची असेल तर नीट ओळीत बसवलेला बाहेरचा पाइप शंभर टक्के चांगला. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पाइपात निम्म्याहून जास्त जागा मोकळी राहील इतक्याच वायरी घाला. कुठेही खोलगट झोळ नको, तिथे दमट हवेचं पाणी साचतं. कौलारू छपरात जंक्शन बॉक्स पन्हळीच्या किंवा दोन उतार मिळतात त्या जागेच्या खाली ठेवू नका. गळती सगळ्यात आधी तिथेच होते.

गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मेजरिंग टेप भिंतीला लावून, आकडे दिसतील असा. पुढे कुणी टॉवेल अडकवायला खिळा ठोकणार असतोच.

पावसाळा: भिंत घाम गाळते तेव्हा

जुलैत भिंती ओल्या होतात, वायरीतून किंचित प्रवाह जमिनीकडे गळतो आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो. तो त्याचं काम करतोय, त्याला शिव्या देऊ नका, आणि बायपास तर मुळीच करू नका. पण सगळ्या घराला एकच आरसीसीबी असेल तर बाहेरच्या एका ओल्या दिव्यापायी अख्खं घर काळोखात जातं. शिवाय चार दिवस गावाला गेलात आणि मागे तो पडला, तर फ्रिजमधल्या कोळंबीची काय गत होते ते मी नाकाने अनुभवलंय. त्यावर उपाय म्हणजे फ्रिजला स्वतःचा आरसीबीओ, स्वयंपाकघराच्या सॉकेटांना वेगळा, दिव्यांना वेगळा. थोडे पैसे जास्त जातात. आरसीसीबी एकटा जास्त भारावर पडत नाही, त्याच्या जोडीला एमसीबी लागतोच. आरसीबीओत दोन्ही कामं एकत्र असतात.

अर्थिंग. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडीठाक पडते आणि वीज सहज आत घेत नाही. जुलैत अर्थिंग तपासलं तर आकडा छान येतो, मे महिन्यात तोच खड्डा नापास होतो. म्हणून अर्थिंग मे महिन्यात मोजून घ्या. खड्ड्याला झाकण आणि पाणी ओतायला नळी ठेवा, आणि उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी घाला.

मे अखेरीस पहिल्या गडगडाटी पावसात एलईडी ड्रायव्हर पटापट जातात. मुख्य बोर्डात टाइप २ चा एसपीडी (व्होल्टेजचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण) बसवून घ्या. वर सांगितलेलं अर्थिंग नीट असेल तरच तो उपयोगाचा.

इन्व्हर्टरवर दिवे क्रमांक २ आणि हवा तर पंखा, बस्स. फ्रिज, मिक्सर नाही. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल इतर सर्किटांत मिसळू देऊ नका, नाहीतर लाइट येता-जाता आरसीसीबी पडत राहील. झाडाची फांदी तारांवर पडून रात्रभर वीज गेली तरी ओट्यावर उजेड राहतो. परसातल्या दाराबाहेरचा दिवा आयपी ६५ चा (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) घ्या, सिंक आणि शेगडीजवळचा निदान आयपी ४४.

ताबा घेण्याआधी

वायर ओढून झाली, कपाटं अजून यायची आहेत, ही तपासणीची वेळ. ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल मोजून घ्या. एक मेगाओहमपेक्षा खाली आकडा आला तर कुठेतरी वायर सोलली गेलीय किंवा पाइपात पाणी आहे. या वेळी दिवे, ड्रायव्हर आणि एसपीडी जोडलेले नकोत, मेगरच्या दाबाने ते जातात. प्रत्येक सॉकेटात फेज उजवीकडे आहे का, बटण बंद केल्यावर होल्डरमध्ये टेस्टर लागत नाही ना, दोन्ही दारांच्या टू-वे बटणांच्या चारही जोड्या चालतात का, हे स्वतः उभं राहून बघा. आरसीबीओचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का पाहा, आणि पुढे महिन्यातून एकदा दाबत जा.

मुख्य बोर्डाच्या झाकणाच्या आत प्रत्येक एमसीबीपुढे मराठीत चिठ्ठी लावा: ओटा दिवे, छत दिवे, फ्रिज, ओव्हन. "के १", "के २" असलं काही नको. मध्यरात्री टॉर्चच्या उजेडात ते वाचणारा माणूस इलेक्ट्रिशियन नसतो.

मग चवथीच्या आठवडाभर आधी, नेवऱ्या तळायच्या दिवशी, सगळं एकदम लावा. इंडक्शन, मायक्रोवेव्ह, मिक्सर, पंप, गीझर, सगळे दिवे. अर्ध्या तासाने प्रत्येक प्लगला बाहेरून हात लावा. कोमट ठीक आहे. चटका बसला तर ते सॉकेट बंद करा, एमसीबी खाली करा आणि आतला स्क्रू आवळायला माणूस बोलवा. नव्या कामात दोन-चार स्क्रू सैल राहतातच.